चिखलाचा पाय

"दुखतंय न्हवं? बेस. दुखतंय म्हंजे जित्तं हाय."

जखमेला चिकटलेली पट्टी सोडवताना माणूस कळवळला की मामा एवढंच म्हणायचे. मान वर करायची नाही, हात थांबवायचा नाही. समोरचा कानडी असला तर "नोवु इद्रे जीव इदे," आणि डोंगरातला कोकणी बोलणारा कुणबी असला तर नुसतं "दुकता? बरें." लोक तिन्ही भाषांत शिव्या घालायचे आणि मामा तिन्ही भाषांत ऐकून घ्यायचे.

रामनगर मागे टाकून जोयड्याच्या दिशेनं निघालात की आमचं गाव लागतं. तिथल्या सरकारी दवाखान्यात मामा ड्रेसर होते, म्हणजे जखमा धुणारे आणि पट्ट्या बांधणारे. डॉक्टर यायचे, दोन वर्षं बदलीची वाट बघायचे आणि जायचे. मामा कुठंच जात नसत. गुंद गावचा, कोयता लागलेला शेतकरी, नंदिगड्ड्याचा अस्वलानं फाडलेला गुराखी, गणेशगुडीला रबरी होडीतून खडकावर आपटलेला पाहुणा, सगळे एकदा डॉक्टरांना दाखवून पुढचे महिना-दोन महिने मामांच्या हवाली व्हायचे. आमच्या भागातल्या निम्म्या अंगांवर मामांच्या हाताची खूण आहे. माझ्या डाव्या पोटरीवरही आहे.

रस्त्यात दिसले असते तर तुम्ही त्यांच्याकडे दुसऱ्यांदा बघितलं नसतं. उंच, खांद्यात वाकलेले, पायात रबरी चप्पल, अंगात खाकी शर्ट. शर्टाच्या खिशात चष्म्याची डबी. गंमत म्हणजे मामांना चष्मा नव्हता. त्या डबीत काय असायचं ते पुढं येईलच.

मी मूळची खानापूरकडची. इथल्या मराठी हायस्कूलात विज्ञान शिकवायला आले, त्याच वर्षी माझ्या पोटरीला गळू झालं. डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला आणि मला मामांच्या बाकावर पालथं झोपवलं. आता दोन टाके घालतील, अशी माझी समजूत. मामांनी औषधात भिजवलेली कापडाची लांबच लांब पट्टी त्या भोकात कोंबायला घेतली. मी किंचाळले आणि ते ठरलेलं वाक्य पहिल्यांदा ऐकलं.

"अहो मामा, शिवून टाका ना! बंद करा एकदाचं."

"न्हाई बाई. घाव खालनं भरत वर याय पायजे. वरनं मिटला की आत कुजतोय. तोंड सगळ्यात शेवटी मिटायचं."

पोटरीची मागची बाजू मला दिसेना, म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी घरून आरसा आणला. मामींचा होता तो, हिरव्या प्लास्टिकच्या चौकटीचा, कुंकू लावायचा. मला बाकावर बसवून, तो माझ्या पोटरीखाली धरून ते मला माझंच अंग दाखवायचे. "हे तळाला लाल दाणं आल्यात बघा, डाळिंबागत. हे नवं मास. ह्याला धक्का लागला तर रक्त येतंय, म्हंजे बरं लक्षण. आता ह्यो काठ बघा. कातडं काठानं सरकत येतंय, मधी उगवत न्हाई कधी. आणि खालचं भरल्याबिगर त्येला वाट द्यायची न्हाई."

मी बी.एस्सी. झालेली. ह्याच ऊतींच्या आकृत्या मी पेन्सिलीनं काढून, बाण ओढून, पैकीच्या पैकी गुण घेतले होते. जिवंत ऊती पहिल्यांदा बघितली ती मामींच्या आरशात. खरं सांगायचं तर मला थोडी लाजच वाटली.

मी विज्ञान शिकवते हे कळल्यावर मामांनी माझं नववीचं पुस्तक मागून घेतलं. दोन दिवसांनी परत आणलं तेव्हा त्यात आयोडीनचा एक डाग होता आणि मामांच्या मनात एक तक्रार. "लई अवघड नावं दिल्यात बाई. अभिस्तर, संयोजी, स्नायू, चेता. पोरं कशी ध्यानात ठेवणार? सरळ सांगा की. एक झाकणारं, एक बांधणारं, एक वढणारं आणि एक सांगणारं. ह्या चौघांवर माणूस चाललाय."

झाकणारं, बांधणारं, वढणारं, सांगणारं. आजही माझ्या वर्गात फळ्यावर आधी हेच चार शब्द येतात, पुस्तकातले त्यांच्यासमोर.

त्यांना मी वर्गावर बोलावलं ही माझीच हौस. मामा आले ते पिशवीत बकऱ्याचा अख्खा पाय घेऊन, खुरासकट. टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, दवाखान्याचा चिमटा काढला आणि एकेक थर उलगडत गेले. वरचं कातडं. खाली पिवळी चरबी. मग पांढरा, ओला, पातळ पदरासारखा थर, "ह्यो बांधणारा, ह्येच्याबिगर सगळं वेगळं वेगळं लोंबंल." मग लाल मांस. मग त्यांनी मांसाच्या टोकाची पांढरी दोरी चिमट्यात धरून ओढली आणि टेबलावरचं ते मेलेलं खूर आपोआप मुडपलं. पहिल्या बाकावरच्या मुली किंचाळून मागे पळाल्या.

"भिऊ नका गं. वढणाऱ्याला काय कळत न्हाई. वढलं की वळतंय, मेल्यावर बी वळतंय." मग त्यांनी मांसाच्या फटीतून आणखी एक धागा वेगळा केला, फिकट, बारीक, शेवयीएवढा. "आणि ह्यो सांगणारा. बाकी तिघं मुकी हाईत. कापलं, भाजलं, कुजलं, ह्येनं सांगितलं तरच वर कळणार. ह्यो गप बसला की मानूस गेलाच म्हणून समजा, मग तो हिंडता-फिरता का असंना."

तेवढ्यात हेडमास्तर दारात आले. पक्के शाकाहारी. त्यांनी टेबलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, "बाई, हे घटक चाचणीत येतं का?" मामा उभे राहून म्हणाले, "येतंय साहेब, सगळ्यांच्या येतंय." त्या दिवशी मी पोटभर हसले होते.

आता त्या चष्म्याच्या डबीबद्दल. तिच्यात कोंबडीचं एक पांढरं पीस असायचं. दर गुरुवारी दवाखान्यात साखरेचे पेशंट येत. रक्त तपासायला नर्स होती, गोळ्या द्यायला डॉक्टर. पाय बघायचं काम मामांनी स्वतःहून अंगावर घेतलं होतं. म्हाताऱ्यांना बाकावर ओळीनं बसवायचं, पाय पुढं, डोळे बंद. मग मामा उकिडवे बसून पीस एकेकाच्या तळव्याला, टाचेला, बोटाला टेकवायचे. कुठं लागलं ते डोळे न उघडता सांगायचं. ज्याला सांगता येणार नाही त्याचा पाय बधिर झाला. त्याला काटा रुतला, खिळा गेला, निखारा लागला तरी कळणार नाही, आणि साखरेमुळं जखम भरणारही नाही. मग त्याला मामा बजावून सांगायचे की रोज दोन वेळा दुसऱ्या माणसाकडून तळवा बघून घे, अनवाणी फिरू नको.

पण बधिर ठरायला कोण तयार असतो? म्हातारे एक डोळा किलकिला करून बघायचे. काहीजण तर घाईघाईनं अंदाजपंचे ओरडायचे, "लागलं! अंगठ्याला लागलं!"

"अज्जा, पीस अजून डबीत हाय," मामा म्हणायचे, आणि अख्खा बाक हसायचा. "पायानं सांग बाबा. तोंडानं नको."

आमच्याकडच्या लोकांचा एक जुना शब्द आहे, चिखलाचा पाय. इथं मृगापासून श्रावणापर्यंत माणसं भाताच्या खाचरात गुडघाभर चिखलात उभी असतात. तळवे पांढरे पडतात, भेगाळतात, बधिर होतात. कुणी त्याची काळजी करत नाही. "चिखलाचा पाय हाय, दसऱ्याला उतरंल," म्हणायचं आणि कामाला लागायचं. आणि तो उतरतोही, बहुतेकांचा. म्हणून तर घात होतो. साखरेनं मेलेला पाय आणि चिखलानं मेलेला पाय ह्यांत वरून काडीचा फरक दिसत नाही. माणूस दसरा झाला की दिवाळी म्हणतो, दिवाळी झाली की संक्रांत.

ह्या एका शब्दावर मामांचा राग होता. एरवी आवाज न चढवणारा माणूस त्या शब्दाला बाक हादरेल असा ओरडायचा. "कसला चिखलाचा पाय? चिखल धुतला की जातोय! ह्यो मेलेला हाय, मेलेला!"

अख्ख्या तालुक्याच्या तळव्यांना ते पीस लागलं, फक्त मामींचे तेवढे सोडून. मामी खाचरात जन्म काढलेली बाई, दिवसाला चार गोड चहा पिणारी. मी एकदा त्यांच्या घरी बसले असताना हा विषय निघाला. मामी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावायचा? मला नरकात घालतासा काय?"

"हात कुठं लावालोय? पीसच लावतोय की," मामा म्हणाले.

"पीस तुमच्याच हातात हाय न्हवं?"

मी हसून मामांना विचारलं, "आणि तुमचा पाय कोण बघतं?" कारण मामांना स्वतःला दहा-बारा वर्षांची साखर होती. गोळ्या चालू होत्या, हे गावाला माहीत होतं. शिवाय त्यांचंही गावाखालच्या वहाळाकडेला भाताचं एक तुकडं होतं आणि लावणीला ते रजा टाकून चिखलात उतरायचेच.

"आपलं आपल्याला बघता येत न्हाई बाई. पीस कुठं टेकवलं ते हात आधीच सांगून टाकतोय. त्येला दुसरं मानूसच लागतंय."

"मग आणा ते पीस, मी बघते."

मामा खरोखरच दचकले. दोन्ही पाय त्यांनी बसल्या जागी मांडीखाली ओढून घेतले. "छे छे. तुमी शिकिवणारी बाई. माझ्या पायाला हात लावायचा म्हंजे काय?"

मी आग्रह केला नाही. भाकरी छान झाली होती, ती खाल्ली आणि घरी आले.

त्यानंतरच्या थंडीतली गोष्ट. पौषातली सकाळ होती. शाळेला जाताना दवाखान्यासमोर पाच-सहा माणसं सागाचा पाला पेटवून शेकत होती, मीही थांबले. मामा चपला बाजूला काढून उभे होते आणि अस्वलाच्या कुठल्याशा जखमेबद्दल सांगत होते. मला जळका वास आला. कुणाच्या तरी चपलेचं रबर निखाऱ्यावर गेलं असेल म्हणून मी खाली बघितलं. मामांच्या डाव्या टाचेखाली निखारा होता.

"मामा, पाय!"

त्यांनी शांतपणे खाली बघितलं. पाय उचलला, टाचेला चिकटलेला कोळसा हातानं झटकला. हात मात्र चटकन मागे घेतला, भाजला म्हणून. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि म्हणाले, "चिखलाचा पाय हाय बाई. अजून उतरला न्हाई."

दसरा होऊन तीन महिने झाले होते.

मी हसले. "मामा, तुमचं कातडं म्हशीचं आहे," म्हणाले. बाकीचेही हसले. आणि मी तशीच शाळेत जाऊन नववीच्या वर्गाला तो किस्सा रंगवून सांगितला. त्या आठवड्यात माझा धडा कोणता चालला होता माहीत आहे? चेता ऊती. फळ्यावर मोठी आकृती काढून, बाण ओढून, मी पोरांना सांगत होते की ही ऊती नसेल तर वेदना मेंदूपर्यंत पोचणार नाही.

वाचताना तुम्हाला माझा राग आला असेल. यावा. मलाही रोज येतो.

शिमगा झाला आणि एके दिवशी मधल्या सुट्टीत मामी शाळेच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. मामी कधी शाळेकडे फिरकलेल्या नव्हत्या. डोक्यावरचा पदर दातात धरलेला.

"बाई, माझा आरसा रोज सकाळी गायब व्हतोय."

मला वाटलं, काहीतरी गमतीचं सांगतायत.

"परत जाग्यावर येतोय, पर वला असतोय. औषिदाचा वास मारतोय. म्हणून आज मी मागनं जाऊन बघितलं. गोठ्यात बसलेलं. पाय मांडीवर घेतलेला, खाली आरसा. तळव्याला हे एवढं भोक." मामींनी दोन बोटं जोडून दाखवली. "त्येच्यात ती पट्टी कोंबत हुते, लांब. सगळी आत गेली."

मग म्हणाल्या, "सगळी आत गेली बाई, आणि त्येनी तोंड सुदीक वाकडं केलं न्हाई."

तीस वर्षं नवऱ्याचं ते वाक्य ऐकत आलेली बाई ती. दुखत नाही म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

मी तशीच दवाखान्यात गेले. मामा कुणाचा तरी हात बांधत होते. ते काम होईपर्यंत मी दारात उभी राहिले. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं. पेशंट गेल्यावर त्यांनी दार लोटलं आणि आपणहून चप्पल काढली.

ते मी तुम्हाला दाखवणार नाही. वास मात्र दार लोटल्याबरोबर आला होता.

"डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

"कसं सांगणार बाई? डेसरचाच पाय कुजलाय म्हटल्यावर कोण आपल्या हातनं पट्टी बांधून घेणार? भरंल म्हटलं. आणि दोनदा भरला की. दोनदा वरनं मिटला हुता." ते जमिनीकडे बघत होते. "मला बी बरं वाटलं, बाई. मिटल्यावर मी आत बघितलंच न्हाई."

एवढ्या वर्षांत त्यांनी हजार लोकांना हेच करू दिलं नव्हतं. मी त्यांच्यावर ओरडले. काय काय बोलले आठवत नाही, पण निखाऱ्याचं बोलले एवढं आठवतं. मी म्हणाले की त्या दिवशी तुम्ही माझ्याशी खोटं बोललात. मामांनी ऐकून घेतलं. शिव्या ऐकून घ्यायची त्यांना सवय होतीच.

त्याच दुपारी डॉक्टरांनी त्यांना बेळगावला पाठवलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात आठ दिवस खटपट झाली. हाडापर्यंत गेलं होतं. डावा पाय गुडघ्याखाली काढला.

परत आल्यावर त्यांची जागा म्हणजे घरापुढची ओसरी. कुबड्या भिंतीला टेकवलेल्या असायच्या, त्यांना हात लागत नसे. दवाखान्यातून पट्टीच्या कापडाचे तुकडे येत, त्यांच्या चौकोनी घड्या करून ते परत पाठवायचे. घड्या इतक्या एकसारख्या की बघत बसावं. मी शाळा सुटली की जायची. बोलणं कमी झालं होतं. एकदा घडी घालता घालता त्यांचा हात थांबला, डोळे गच्च मिटले आणि कपाळावर घाम आला.

"काय होतंय मामा?"

"करंगळी दुखालीया."

मी हाताकडे बघितलं.

"हाताची न्हाई. पायाची." त्यांनी धोतराच्या रिकाम्या भागाकडे मान केली. "डावी. बेळगावला टाकून आलेली. कुणीतरी पक्कडीत धरून पिरगाळल्यागत दुखतीया बाई. दोन वर्षं त्या पायात काय नव्हतं, निखारा कळंना झाला हुता. आता तुटून गेला आणि रोज दुखतोय."

हे होतं हे मी वाचलं होतं. पाय गेला तरी वर मेंदूत त्याची जागा शिल्लक असते, तिथं खबर चालूच राहते, असं काहीतरी मी समजावून सांगू लागले. मामांनी हात वर करून मला थांबवलं.

"घर पडलं तरी टपालवाला यालाय," म्हणाले. "सांगणारं लई उशिरा बोलाय लागलं." ते वाक्य मी त्यांच्या तोंडून पुन्हा कधी ऐकलं नाही, दुखतंय म्हणजे जितं आहे ते. मलाही आठवण करून द्यायचा धीर झाला नाही.

आणि मग एक दिवस त्यांनी खिशातून चष्म्याची डबी काढली आणि माझ्यापुढं धरली.

"बाई, ह्यो ऱ्हायलेला बघा."

उजवा पाय त्यांनी पुढं सरकवला. शिकवणाऱ्या बाईनं पायाला हात लावायचा नाही, हे सगळं संपलं होतं. हा एक पाय राहिला तर ते कुबडी घेऊन का होईना, दवाखान्याच्या बाकापर्यंत जाणार होते. नोकरीची दोन वर्षं बाकी होती. हाही गेला तर ओसरी हीच त्यांची दुनिया. हे दोघांनाही माहीत होतं. त्यांनी डोळे मिटले. मी पीस बाहेर काढलं. त्याचे चिकटलेले धागे बोटानं सरळ करत मी ते जरा तसंच धरून ठेवलं.

"लागलं," मामा म्हणाले. "अंगठ्याला लागलं."

पीस अजून माझ्या मांडीजवळ होतं.

बाकावरचे ते म्हातारे मला आठवले. तेव्हा केवढे हसायचो. मी हो म्हणू शकले असते. एकदा निखारा हसण्यावारी नेऊन काय केलं होतं ते आठवलं आणि हो म्हणवेना, आणि नाही म्हणायलाही तोंड उघडेना. थोड्या वेळानं मामांनी डोळे न उघडताच विचारलं, "लावलं न्हाईसा न्हवं?"

"नाही मामा."

"बरं." त्यांनी पाय हळूच मागे घेतला. "डॉक्टरला सांगा. आजच सांगा. माझ्यावर सोडलं तर मी ईसरलो म्हनंन."

मी सांगितलं. त्या पायाची डॉक्टरांनी आणि मामींनी मिळून अशी काळजी घेतली की मामा गेले तेव्हा त्याला साधं खरचटलेलंही नव्हतं. नवऱ्याच्या पायाला हात लावायला मामींना कसली अडचण? त्या रोज दोन वेळा तळवा उजेडाकडे धरून आरशाशिवाय बघायच्या.

मामा गेले ते छातीनं. सकाळची वेळ. मामींनी ओसरीवर बिनसाखरेचा चहा आणून ठेवला आणि गोठ्यात गेल्या. परत आल्या तेव्हा चहा तसाच होता आणि मामा भिंतीला टेकून बसलेले, मांडीवर अर्धी घातलेली घडी. हाक नाही, कळ नाही. डॉक्टर म्हणाले, जुन्या साखरेत असं होतं, छातीतलं दुखणंही माणसाला समजत नाही. सगळे म्हणाले, सुखाचं मरण आलं. मामींनी आणि मी एकमेकींकडे बघितलं. आम्हा दोघींना काही ते सुखाचं वाटलं नाही.

चौदाव्या दिवशी मी भेटायला गेले. मामी ओसरीवर त्याच जागी बसल्या होत्या. इकडचं तिकडचं बोलणं झालं. लावणी तोंडावर आली होती, पण ह्या वर्षी खाचर तसंच राहणार, म्हणाल्या. मग उठून आत गेल्या आणि ती डबी घेऊन आल्या.

"हे तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे. शाळेत लागंल."

मी डबी घेतली. उठणार तेवढ्यात मामींनी लुगड्याचा काठ वर घेतला आणि दोन्ही पाय माझ्यापुढं लांब केले. रुंद, भेगाळलेले, बोटं फाकलेली. जन्मभर चिखलात रोवलेले पाय.

"बघा की बाई. त्येंच्या हातानं झालं न्हाई. तुमच्या हातानं चालतंय."

मी खाली बसले. मामींनी पदराचं टोक मुठीत धरून डोळे घट्ट मिटले, शाळेतल्या मुलीसारखे. मी पीस काढलं. ह्या वेळी थांबले नाही. उजव्या पायाचा अंगठा, मग चवडा, मग टाच. मग डावा अंगठा, डावा चवडा. ओसरीवर कोंबड्या दाणे टिपत होत्या. मामी शांत बसल्या होत्या, मान किंचित पुढं, अगदी लक्ष देऊन.

"लावा की बाई," मामी म्हणाल्या. "कवाधरनं वाट बघालोय."

पीस डाव्या टाचेवर टेकलेलं होतं.